खारं पाणी, गोडं पाणी

आमच्या औशात पाणी गोडं की खारं हे जिभेनं ठरत नसे, डाळीनं ठरे. मूठभर तुरीची डाळ चुलीवर चढवायची आणि बघत बसायचं. एका वाफेत दाणा फुटला, लोण्यासारखा झाला की पाणी गोडं. जळण संपलं, अंगाला घाम फुटला आणि डाळ तशीच डोळे वटारून वर बघत राहिली की पाणी खारं. मग ते पाणी धुण्याला, भांड्याला, म्हशीला. चव म्हणाल तर ते पाणी जरासं जड लागायचं, बास. मी पुढं उभा जन्म ज्या किनाऱ्यावर नोकरी केली, तिथल्या माणसांना आमचं हे खारं पाणी पाजलं असतं, तर त्यांनी वर अजून अर्धा तांब्या मागून घेतला असता. पण आमच्याकडं खारं म्हणजे डाळ न शिजणारं, याशिवाय त्या शब्दाला दुसरा अर्थच नव्हता. हे आधी सांगून ठेवते, कारण पुढची सगळी रामकहाणी ह्या एका शब्दापायी घडली.

आणि आमचं घर तर डाळीचंच. पुढं रस्त्यावर अप्पांचं दुकान, मधे आम्ही, मागं डाळमिल. अप्पा म्हणजे वडील आणि अव्वा म्हणजे आई; आम्हा लिंगायतांच्या घरात या हाका कानडी मुलखातून आल्या आणि राहिल्या. मिल चालू असली की घरातली भांडी फळीवर बारीक थरथरायची, आणि आम्ही सगळे मोठ्यानं बोलायचो. माझा आवाज आजही मोठा आहे, फोनवर लोक म्हणतात बाई भांडतात का काय. फोलाचा पिवळा भुरका अंगणात, केसांत, वाळत घातलेल्या लुगड्यांवर. दुकानात गादीशेजारी एक काचेची लांबट पेटी होती, तिच्यात डाळींचे नमुने मांडलेले असत. गिऱ्हाईक आलं की अप्पा पेटीवर टकटक करून म्हणायचे, "आपल्या मिलची डाळ. एका वाफेत लोणी." नांदेडच्या व्यापाऱ्याला तेच, हैदराबादच्या व्यापाऱ्याला तेच. हे वाक्य मी झोपेतसुद्धा म्हणत असेन.

त्या काळात जिल्हा नवा झाला होता. आता कोणाला त्याचं काही वाटणार नाही, पण अप्पांना त्याचा कोण आनंद! सगळ्यात आधी त्यांनी पेंटर बोलावून दुकानाची पाटी बदलली, आणि 'जि. लातूर' ही अक्षरं मिलच्या नावापेक्षा मोठी काढायला लावली. कोणी जुन्या सवयीनं उस्मानाबाद म्हणालं की ते चिडायचे. "कोणत्या जमान्यात हायस बाबा? आपुन आता जिल्ह्याच्या उंबऱ्यात हाव." जिल्ह्यात काहीही पहिलं झालं, पहिली मिरवणूक, पहिलं संमेलन, पहिला कुस्त्यांचा फड, अप्पा औशाहून एस.टी.नं जाऊन बघून यायचे आणि घरी येऊन जेवताना त्याचंच पुराण लावायचे. अव्वा वाढता वाढता म्हणायची, "जिल्हा झाला तवापास्नं पाऊस मातुर पळाला." अप्पांना ते झोंबायचं.

ते खरंच होतं. पाऊस पळाला होता. त्या साली तूर फुलावर आली आणि फुलावरच वाळली. मिल आठवड्यातून कधीतरी घरघरायची, आणि मग थांबायची. ती शांतता मला अजून नकोशी वाटते. फळीवरची भांडी गप्प, आणि आम्ही मात्र सवयीनं मोठ्यानंच बोलायचो, त्यामुळं साधं बोलणंसुद्धा भांडण वाटायचं. आणि पुष्कळदा ते भांडणच असायचं. अंगणातल्या आमच्या गोड्या आडाला तळ दिसायला लागला. टँकर यायचा तो मनाला येईल तेव्हा. अव्वानं मग पाण्याचा कारभार हातात घेतला. भाजी धुतलेलं पाणी हात धुवायला, हात धुतलेलं सारवायला, आणि लिंगपूजेचं तेवढं वेगळं, तांब्याभर, झाकून. आंघोळीला एक तपेली. मी केस धुवायचे म्हटलं की तिच्या कपाळाला आठ्या. चांगली हसरी बाई होती हो माझी आई. त्या साली तिचं हसणंच आटलं.

अशा साली माझ्या डोक्यात समुद्र शिरला. तो घातला काझी सरांनी. काझी सर आम्हाला दहावीला विज्ञान शिकवायचे. औशाचेच, किल्ल्यामागच्या मोहल्ल्यातले, उंच, किडकिडीत, खडूनं बाह्या पांढऱ्या झालेले. कॉलेज नांदेडला केलेलं, त्यापलीकडं जग पाहिलेलं नाही. समुद्राला ते दर्या म्हणायचे. एकदा मी विचारलं, "सर, तुम्ही बघितलाय?" तर म्हणाले, "न्हाई बेटा. पण बघितला न्हाई म्हणून काय झालं, पाठ हाय ना मला." त्या दिवशी त्यांनी फळ्याच्या वरच्या कडेला आडवी रेघ मारली. हा दर्याचा माथा. त्याखाली उजेडाचा थर. सूर्य पोचतो तिथवर. तिथं डोळ्यांना न दिसणारे जीव तरंगतात, ऊन खातात, आणि आपण आत घेतो त्या हवेतल्या प्राणवायूचा मोठा वाटा तेच तयार करतात. "आपण औशात श्वास घ्यायलो तो बी दर्याच्या मेहेरबानीनं," सर म्हणाले, आणि आम्ही सगळ्या मुलींनी खरोखर एक श्वास घेऊन पाहिला. त्याखाली तिन्हीसांजेचा थर, जिथं उजेड आहे-नाहीसा. तिथले जीव अंधार पडला की वर चरायला येतात आणि उजाडायच्या आत खाली पळतात. त्याखाली काळोख. फळा संपला तरी काळोख संपेना. मग सर भिंतीवरून खडू ओढत खाली आले, वाकले, उकिडवे बसले, फरशीला खडू टेकवला. "हितून पुढं खड्डे हायत. दर्याच्या बुडातले. त्यासाठी फरशी फोडावी लागंल, हेडमास्तर रागावतील."

त्या काळोखातले मासे स्वतःचा उजेड स्वतः करतात, हे ऐकलं आणि माझ्या अंगावर काटा आला. काही तर आंधळेच. दिसायलाच काही नाही तर डोळे कशाला. आणि खातात काय? तर वरच्या थरातलं मेलेलं, उष्टं, सांडलेलं, जे काही हळूहळू खाली झिरपतं ते. मला आमच्या घरातलं पाणी आठवलं, भाजीवरून हातावर, हातावरून सारवणावर येणारं. घरी येऊन मी अव्वाला हे सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "म्हंजे तिथं बी बाईचीच जात म्हण की, शेवटाला उरलंसुरलं खाणारी." मी हसले. ती हसली नाही.

आता मुद्द्याचं सांगते. माझी दहावी झाली की लग्न उरकायचं, असं अप्पांचं ठरलेलं होतं. उदगीरचं स्थळ, त्यांचीही डाळमिल, आमच्याहून मोठी. दुष्काळात आमची मिल बसली होती आणि ह्या सोयरिकीनं ती उठेल, असा अप्पांचा हिशेब. आणि मला तर लातूरला जाऊन सायन्स शिकायचं होतं. मी रडून बघितलं, जेवणावर रुसून बघितलं. रुसण्याचा काही उपयोग नसतो, तेवढंच एक ताट वाचतं. शेवटी काझी सरच एक दिवस दुकानात येऊन बसले. लातूरला जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन भरणार आहे, नव्या जिल्ह्याचं पहिलं, आणि त्यात महानंदाला, म्हणजे मला, उतरवू द्या, असं म्हणाले. 'पहिलं' हा शब्द ऐकला आणि अप्पा गादीवर सरळ बसले. पाटीकडं बघितलं. मग म्हणाले, "जिल्ह्यात पहिली आली तर घालतो लातूरला. न्हाई आली तर उदगीर. आता याच्यावर बोलायचं न्हाई." अप्पांचा शब्द बाजारात चालायचा. तो मिळाला म्हणजे दोन्ही बाजूंनी मिळाला, हे मला कळत होतं.

आम्ही समुद्र करायचं ठरवलं. काचेच्या पेटीत खराखुरा पाण्याचा समुद्र, थरांसकट. युक्ती सोपी होती: मिठाचं दाट पाणी जड, ते तळाशी बसतं, त्यावर कमी मिठाचं, त्यावर बिनमिठाचं. तळाच्या पाण्यात नीळ आणि काळी शाई, मधल्यात थोडी नीळ, वरचं नितळ. शाळेतल्या बरणीत सरांनी करून दाखवलं तेव्हा ते थर एकमेकांवर असे ठेवल्यासारखे राहिले की आम्ही बरणीभोवती फेर धरायचा तेवढा बाकी ठेवला. पेटी कुठली, तर अप्पांची नमुन्याची. मला वाटलं नव्हतं ते देतील. त्यांनी एकेक डाळीचा खण स्वतः रिकामा केला, काच धोतराच्या सोग्यानं पुसली आणि म्हणाले, "फुटली तर घरी येऊ नगंस." सरांनी तिच्या फटी डांबरानं बुजवल्या.

माशांचं मात्र अव्वापुढं जमेना. गळ्यात लिंग असलेल्यांच्या घरात मासोळी? मी म्हटलं, अगं पत्र्याची आहे, तेलाच्या डब्याचा पत्रा कापून करतेय. "पत्र्याची असू दे न्हाईतर सोन्याची. मासोळी ती मासोळी." बऱ्याच वादानंतर तिनं तोड काढली: डोळे काढायचे नाहीत. डोळे नाहीत तर जीव नाही. म्हणजे काळोखातले आंधळे मासे आमच्या घरात आधी आले आणि उजेडातले डोळस दारातच अडकले. मी तेही बिनडोळ्यांचेच कापले आणि रागारागानं दोऱ्यात ओवले. प्रदर्शनाला निघायच्या सकाळी बघते तर वरच्या थरातल्या प्रत्येक माशाला काजळाचा एकेक ठिपका. अव्वा चुलीपाशी पाठ करून बसली होती. मी मासे कागदात गुंडाळून घेतले. तेलातलं काजळ, पाण्यात पुसलं जायचं नाही, हे तिला ठाऊक होतं.

आणि पाणी. लातूरलाही नळ कोरडे होते, तिथं पेटीभर पाणी कोण देणार? इथूनच न्यायचं, तेलाच्या डब्यांत भरून, एस.टी.च्या टपावर टाकून. काझी सर दारात उभं राहून अव्वाला म्हणाले, "अव्वा, एक डबा गोडं पाणी लागंल, एक डबा खारं, आणि एक आर्धं-आर्धं. जमंल का?" अव्वानं पदर डोक्यावर घेऊन मान हलवली. मला वाटलं तिला समजलं. सरांना वाटलं तिला समजलं. तिलाही वाटलं तिला समजलं. बरणीतल्या प्रयोगाला ती नव्हती, ह्याचा विचार आमच्या कोणाच्या टाळक्यात आला नाही.

अव्वा गावात पाण्याला कधी गेली नव्हती. दुकानदाराची बायको, अंगणात आड. जायची वेळच आली नव्हती. ती माझ्यासाठी गेली. किल्ल्याकडं एक जुनी विहीर होती, तिला सगळं गाव खारी विहीर म्हणायचं. त्या साली बाकी विहिरी आटल्या तरी ती आटली नव्हती, कारण तिचं पाणी कोणी पीत नव्हतं. अव्वा भर उन्हात डोक्यावर घागर घेऊन खेपा घालत राहिली. कामवालीला पाठवलं नाही, का तर ती वाटेतल्या एखाद्या आडाचं भरून आणील आणि लेकीच्या समुद्रात खोट निघेल. अर्ध्या-अर्ध्याच्या डब्यात तिनं मापून आडाचं गोडं पाणी घातलं. त्या दिवसांत गोड्या पाण्याचा एक तांब्यासुद्धा कोणाला देताना ती दहादा विचार करायची. संध्याकाळी तिचे डोळे उन्हानं लाल झाले होते. शेजारीण म्हणाली, "कामून एवढं मर मर करायलीस, खाऱ्या पाण्यासाठी?" अव्वा म्हणाली, "लातूरला जाणार हाय ते पानी."

लातूरला एका शाळेच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. आमची पेटी भरायला लागलो तशी गर्दी जमली. सर रबरी नळीनं अगदी सावकाश पाणी सोडत होते, आधी गोडं, मग त्याच्याखाली मधलं, मग तळाला काळंनिळं. पहिल्यांदा सगळं ठीक दिसलं. मग तळाचा काळोख धुरासारखा वर चढायला लागला. सरांनी नळी दाबून धरली. काळोख चढतच राहिला. तिन्हीसांजेत मिसळला, उजेडात मिसळला. सरांनी डब्यात बोट बुडवून जिभेला लावलं आणि माझ्याकडं बघितलं. तो चेहरा मी विसरले नाही. "बेटा," ते हळूच म्हणाले, "हे तर खाऱ्या विहिरीचं हाय. ह्याच्यात मीठ कुठाय?"

मीठ बाजारात मिळालं असतं, पाणी कुठून आणणार? सर बादली घेऊन पळाले, शाळेच्या टाकीशी, समोरच्या हॉटेलात, आणि रिकामी बादली घेऊन परत आले. तोवर पेटीतला समुद्र एकजात निळा झाला होता, धुण्याच्या पाण्यासारखा. वरचे मासे आणि खालचे मासे एकाच पाण्यात लोंबकळत होते. काजळाचे डोळेवाले आणि आंधळे, सगळे शेजारी शेजारी. परीक्षक आले. चष्मेवाले, नीटनेटके गृहस्थ. "हं, बाळ, समुद्राचे थर ना? कुठे आहेत?" मला सगळं पाठ होतं. उजेड, तिन्हीसांज, काळोख, खड्डे, सगळं. तोंडातून अक्षर फुटेना. सरच काहीतरी बोलायला गेले, तर परीक्षक म्हणाले, "मुलीला बोलू द्या." ते वहीत काहीतरी टिपून पुढच्या टेबलाकडं गेले. मागून खेड्यातली एक म्हातारी काचेवर हात ठेवून म्हणाली, "एवढं पानी कशापायी नासवलं गं माय?" परीक्षकांपुढं रडले नव्हते, ती बोलली तेव्हा रडले.

पहिला नंबर सूर्यचुलीला आला. शिरूर अनंतपाळकडच्या एका मुलानं केलेली. त्यानं परीक्षकांना उन्हावर शिजवलेलं वरण खाऊ घातलं. काय म्हणावं याला!

घरी आलो. अप्पांनी विचारलं, "नंबर?" मी नाही अशी मान हलवली. त्यांनी गादीवरची टोपी उचलून डोक्यावर घातली आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून उदगीरला फोन लावायला गेले. अव्वा मात्र दारातच उभी. "पानी कमी पडलं का?" मी म्हटलं, नाही गं, पुरलं. "मंग?" काच गळली, असं सांगितलं. तिच्या डोक्यावर घागरीच्या चुंबळीचा वळ अजून दिसत होता. पण दुसऱ्या दिवशी काझी सर पेटी परत द्यायला आले आणि भल्या माणसासारखं दुकानात अप्पांना सगळं सांगून बसले. "चूक माझी हाय शेटजी. मी मिठाचं पाणी म्हणायला पाहिजे होतं, खारं म्हणालो. अव्वांनी खाऱ्या विहिरीचं दिलं." अप्पा मोठ्यानं हसले. "मंग काय चुकलं तिचं? खारं म्हंजे खारंच की वो!" दुकान आणि घर यांच्यामधल्या दाराआड अव्वा उभी होती. मी तिच्यामागं. तिनं वळून माझ्याकडं बघितलं, आणि आत जाऊन डाळ निवडायला बसली.

त्यानंतर ती बोलेनाशीच झाली. कामापुरतं हाव-न्हाई. मला वाटे ती माझ्यावर रागावली, खोटं सांगितलं म्हणून. परीक्षा झाली, उन्हाळा चढला. मी अंगणात पडून राहायची आणि मनात त्या फरशीखालच्या खड्ड्यांत उतरत राहायची. तिथं म्हणे अंगावर एवढं पाणी असतं की आपल्यासारख्याचा चेंदामेंदा होईल, आणि तिथंसुद्धा जीव राहतात, निवांत. मी विचार करायची, उदगीरला मी तशी राहीन का. आज नोकरीतून निवृत्त होऊन मी हे लातूरच्या माझ्या घरात बसून लिहिते आहे. खालच्या मजल्यावर बायका टँकरवाल्याशी भांडतायत. एवढी वर्षं समुद्र वाचला, मोजला, बाटल्यांत भरला, पण त्या उन्हाळ्याइतकी खोल मी कधी गेले नाही.

उदगीरचे पाहुणे बघायला यायचे त्या सकाळी उठले, तर अव्वा घागर घेऊन किल्ल्याच्या बाजूनं परत येत होती. टँकर त्या बाजूला येत नव्हता. मी विचारलं, "कुठं गेली होतीस?" म्हणाली, "तू येणी घाल."

पाहुणे आले. मुलाचे वडील, आई आणि मामा. मुलाला आणलं नव्हतं. बघायचं काम मोठ्यांचं. मी हिरवं लुगडं नेसून खाली मान घालून बसले, नाव सांगितलं, इयत्ता सांगितली. मुलाची आई म्हणाली, "आवाज जरा मोठा हाय." अप्पा म्हणाले, "मिलवाल्याची लेक हाय, चालायचंच," आणि सगळे हसले. सगळं जमल्यातच जमा होतं. आत चुलीवर डाळ खदखदत होती. सकाळपासून खदखदत होती. डाळीच्या घरात वाढलेली मी, मला तो आवाज कळतो. शिजलेली डाळ घुटघुट बोलते. ही कडकड वाजत होती, दाणा दाण्यावर आपटत होता. पाणी प्यायच्या निमित्तानं मी आत गेले. "अव्वा, डाळ..." ती चुलीत लाकूड सारत होती. एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "तू पदर सांभाळ," ती म्हणाली.

पंगत बसली. अप्पा रंगात आले होते. अव्वा भात वाढून गेली, वाटीत वरण वाढून गेली. "घ्या पाव्हणं, आपल्या मिलची डाळ," अप्पा म्हणाले. "एका वाफेत लोणी." मी दाराआडून वाट्यांकडं बघत होते. वर नितळ पिवळं पाणी, त्याखाली हळदीचा गढूळ पट्टा, तळाशी दाणा न् दाणा वेगळा. पेटीत माझे थर टिकले नव्हते, त्या वाट्यांत ते पक्के बसले होते. मामांनी घास घेतला. कडकन् आवाज आला. त्यांनी चावणं थांबवलं, मग मुलाच्या वडिलांकडं बघितलं. मुलाच्या वडिलांनी दाणा बोटांत धरून चेपला, डाळीचा माणूस चेपतो तसा. "शेटजी," ते म्हणाले, "माल जुना हाय का वो? का सगळाच असा निघायलाय?"

अप्पांनी स्वतः घास घेतला. चावला. मी त्यांचा जबडा हलताना बघत होते. खाऱ्या पाण्यातली डाळ त्यांना डोळे मिटून ओळखू आली असती. एक वाक्य बोलायचं होतं फक्त: पाणी खारं आहे, दुष्काळ आहे, बाईमाणसाची चूक झाली. पाहुणे हसले असते, सोयरीक झाली असती, मिलचं नाव राहिलं असतं. अप्पांनी मान वर केली. स्वैपाकघराच्या दारात अव्वा हातात वरणाचं पातेलं घेऊन उभी होती. पदर डोक्यावर होता, पण नजर खाली नव्हती. डोळे भरले होते, आणि ती ते पुसत नव्हती. अप्पा तिच्याकडं बघत राहिले. मग पाहुण्यांकडं वळून, नेहमीपेक्षा बारक्या आवाजात म्हणाले, "हाव. औंदा तूरच तसली आली. सगळा मालच असा हाय."

हे ते बोलले, माझे अप्पा. मिलच्या डाळीला कोणी बोट लावलं तर बाजारात मारामारीला उठणारे. पाहुण्यांनी ताटात हात धुतले, "कळवतो" म्हणाले, आणि दुपारच्या गाडीनं गेले. त्यांनी कळवलं नाही. बाजाराला मात्र कळवलं, आणि पुढची दोन-तीन सालं अप्पांना गिऱ्हाइकापुढं डाळ शिजवून दाखवावी लागायची. शेजारीण दारात येऊन खोचून विचारून गेली, "उदगीरकरांची डाळ शिजली न्हाई म्हणं तुमच्याकडं?" अव्वा म्हणाली, "न्हाई शिजली," आणि हळदीकुंकू लावून तिला वाटेला लावलं.

पण ते नंतरचं. त्या दिवशी पाहुणे गेल्यावर अप्पा परत ताटावर येऊन बसले. मिल बंद होती. त्यांनी अव्वाला खूण केली आणि आणखी वरण वाढून घेतलं. सगळं खाल्लं. कडकड वाजवत, दाणा न् दाणा, वाटी रिकामी होईपर्यंत. मग उठले, तांब्यातल्या थोडक्या पाण्यानं हात धुतले आणि ते पाणी कढीपत्त्याच्या आळ्यात पडेल असे वाकले. मी खांबाला धरून उभी होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "काझी मास्तरला इचार, लातूरच्या होस्टेलात पानी कसलं हाय. गोडं का खारं."

मी काही बोलायच्या आत स्वैपाकघरातून अव्वाचा आवाज आला. मिल चालू असताना असायचा तसा, मोठा.

"कसलं बी असू दे," ती म्हणाली. "ती जाणार."